मंगळाला निघालेली आई आणि चवळीचे आठ दाणे



शेतीच्या या पानावर आज मंगळ कुठून उगवला, असं तुम्हाला वाटेल. पत्रिकेतला मंगळ नव्हे बरं का, आभाळातला. झालं असं, की गेल्या महिन्या-दीड महिन्याच्या टपालात हुमणी, करपा, पीकविमा या नेहमीच्या प्रश्नांबरोबर एका परदेशी मालिकेचा विषय तीन पत्रांत आला. दोघांनी तर 'साहेब, चुकूनही पाहू नका, रात्र वाया जाते' असं बजावलं होतं. तिसरं पत्र एका बहिणीचं होतं. ते वाचल्यावर मला दोन दिवस चैन पडलं नाही. त्या पत्राकडे येतोच, पण आधी मालिका काय आहे ते सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली नसेल, आणि न पाहिल्यानं काही अडलंही नसेल.

मालिकेचं नाव 'अवे', म्हणजे 'दूर'. अमेरिकेतली मालिका. ४ सप्टेंबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर तिचे दहा भाग एकदमच आले. कथा अशी : माणसाला घेऊन मंगळावर जाणारं पहिलं यान निघालं आहे. जाऊन येऊन तीन वर्षं. यानात पाचजण. प्रमुख आहे एमा ग्रीन ही अमेरिकन बाई. हे काम केलंय हिलरी स्वँक या, दोनदा ऑस्कर मिळवलेल्या नटीनं. तिच्याबरोबर एक रशियन, एक चिनी बाई, घानात जन्मलेला आणि इंग्लंडात वाढलेला एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि आपल्याकडचा राम आर्य. हो, आपला राम! तो यानावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. एमाचा नवरा मॅट हाही नासातच अभियंता. घरी वयात आलेली एक मुलगी. यान पृथ्वीवरून चंद्रावर गेलं आहे, तिथून पुढं मंगळाकडे निघायचं, आणि नेमक्या त्या वेळी इकडे मॅटला मेंदूचा झटका येतो. बाईनं परत फिरायचं की पुढं जायचं? ती पुढं जाते. इथून मालिकेला सुरुवात.

बीज चांगलं आहे, नाही का? मग पीक का बिघडलं?

अमेरिकेतल्या प्रेक्षकांची मुख्य तक्रार अशी होती, की आम्हाला मंगळ दाखवतो म्हणाले आणि घरचं रडगाणं दाखवलं. दहा भागांतला मोठा वाटा दवाखाना, मुलीची चिडचिड, नवरा-बायकोचे निरोप आणि यानातल्या प्रत्येकाच्या जुन्या दुःखांत गेला. दुसरी तक्रार, इतकी निवडून घेतलेली माणसं अशी भांडतील कशी? रशियाचा मिशा आणि चीनची लू यांचा आपल्या प्रमुखावर भरवसाच नाही, आणि हे यान निघाल्यावर कळतंय. तिसरी तक्रार, प्रत्येक भागात एक नवं संकट आणि भाग संपेपर्यंत त्याचा निकाल. उलट बाजूनं बोलणारेही कमी नव्हते. ते म्हणत, आम्हाला यंत्रं नकोतच, आम्हाला माणसं पाहायची होती आणि ती मिळाली. मालिका बऱ्यापैकी पाहिलीही गेली. तरी ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे दीड महिन्यातच, नेटफ्लिक्सनं ती बंद केली. यान मंगळावर उतरतं तिथंच गोष्ट थांबली, पुढचं पर्व निघालंच नाही. मग पहिल्या गटाची माणसं म्हणाली बरं झालं, आणि दुसऱ्या गटाची माणसं आजही हळहळतात.

मी ती पाहिली या दिवाळीत, धाकट्या बहिणीच्या घरी. भाच्यानं टीव्हीवर लावली. चार रात्री बैठक बसली. दाजी पहिल्या रात्री पावणेदहालाच घोरू लागले, त्यांचं मत धरायला नको. भाचा बारावी शास्त्राचा, तो प्रत्येक प्रसंगाला 'मामा, असं होत नसतं' म्हणून हात आपटत होता. भाची मात्र टक लावून बसली होती. तिला ती चिनी लू आवडली. बहिणीच्या सासूबाई माळ ओढत कोपऱ्यात बसल्या होत्या, भाषा त्यांना कळत नव्हती, पण चित्र कळत होतं. तिसऱ्या भागाला त्यांनी निकाल दिला, 'लेकरू इकडं रडून रडून अर्धं झालंय, अन् ही बया तिकडं हवेत तरंगतीया!' सगळे हसले. बहीण हसली नाही. ती उठून दुधाला विरजण लावायला गेली.

आता माझं म्हणणं सांगतो. मला ही तक्रार सगळी मालिकेवर ढकलावीशी वाटत नाही. तुम्ही बियाण्याची पिशवी घेता तेव्हा वरचं चित्र बघता की मागचं लेबल? पिशवीवर मंगळाचं चित्र होतं, लाल माती, पांढरं यान. आत बी होतं कौटुंबिक नाटकाचं. उगवण झाली नाही असं नाही, पण ज्वारी म्हणून पेरलं आणि मका उगवला, तर मका कितीही चांगला असला तरी शेतकरी बोंब मारणारच. ज्यांनी मका म्हणूनच बघितला, ते खूष झाले. शिवाय काळही पाहा. सप्टेंबर २०२० म्हणजे करोनाचा काळ. तुमचा मुलगा पुण्या-मुंबईत अडकलेला, तुम्ही गावी, आणि फोनच्या काचेवर एकमेकांचं तोंड पाहायचं. त्या दिवसांत काचेआडून बोलणारं ते कुटुंब पाहून जगभर कित्येकांचे डोळे भरले असतील, यात मला नवल वाटत नाही. शांतपणी पाहणाऱ्याला तेच लांबण लागतं.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९८९ साली 'स्पेस सिटी सिग्मा' लागायची, १९९८ साली 'कॅप्टन व्योम' आली. अंतराळातलं ते सारं साहित्य पुठ्ठ्याचं आहे हे न सांगता कळायचं. तरी आम्ही कुरकुर केली नाही, कारण त्यांनी पुठ्ठ्यापेक्षा जास्त काही कबूलच केलं नव्हतं. अपेक्षा केवढी लावली त्यावर निराशा केवढी हे ठरतं.

भाच्याची तक्रार मात्र खरी होती आणि ती मला पटली. संकट रोज एक आणि उपाय तासाभरात, असं काम शेतात चालत नाही आणि अंतराळातही चालत नाही. सकाळी करपा, दुपारी फवारणी, संध्याकाळी पीक हिरवंगार, असं कोणी सांगितलं तर तुम्ही त्याला बांधावरून हाकलून द्याल. रशियानं मॉस्कोत एक प्रयोग केला होता, 'मार्स-५००' नावाचा. जून २०१० ते नोव्हेंबर २०११, म्हणजे ५२० दिवस, सहा पुरुष एका बंद ठिकाणी राहिले, जणू मंगळाला जाऊन येताहेत अशा रीतीनं. तिथं काय झालं? स्फोट नाही, मारामारी नाही. कंटाळा आला. काहींची झोप बिघडली, हालचाल मंदावली, कोणी एकटा एकटा राहू लागला. मंगळाच्या वाटेवरचा मोठा शत्रू हा आहे : आजच्यासारखाच उद्याचा दिवस. आता कंटाळ्याची मालिका करायची तरी कशी, हा प्रश्न मला लेखकांच्या बाजूनं समजतो. पण तेवढ्यासाठी दर तासाला आग लावायची गरज नव्हती.

आणि माझी स्वतःची तक्रार निराळीच. यानात एक वनस्पतिशास्त्रज्ञ आहे म्हटल्यावर मी सरसावून बसलो होतो. म्हटलं, आता बी निघेल, कुंडी निघेल, खत-पाणी निघेल. मंगळाला जाणाऱ्यांनी तीन वर्षांची शिदोरी डब्यातूनच खायची की काही पिकवायचं, हा खरा प्रश्न आहे. पण त्या बिचाऱ्या क्वेसीच्या झाडांना दहा भागांत फार थोडी जागा मिळाली. म्हणून मालिकेत जे धड आलं नाही ते मीच सांगतो. ते खरं आहे, आणि मला विचाराल तर मालिकेपेक्षा रंगतदार आहे.

आपल्या डोक्यावरून जे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं, तिथं नासानं 'व्हेजी' नावाचा एक छोटा वाफा केलेला आहे. वाफा म्हणजे काय, कापडी उश्या! उशीत भाजलेल्या चिकणमातीचे बारीक खडे आणि हळूहळू विरघळणारं खत, वर लाल-निळे दिवे, म्हणून सगळं जांभळं दिसतं. १० ऑगस्ट २०१५ रोजी तिथल्या अंतराळवीरांनी तिथंच पिकवलेला लाल लेट्यूसचा पाला, ज्याची शहरात कोशिंबीर करतात तो, धुऊन-पुसून खाल्ला. त्यानंतर पेरली झिनियाची फुलं. आपल्या अंगणात उन्हाळा-पावसाळ्यात असतात तीच. फूल का, तर पाल्यापेक्षा फुलाला वेळ जास्त लागतो. ते जमलं तर पुढं टोमॅटोसारखं फळपीक जमेल.

आणि तिथं पेच पडला. डिसेंबर २०१५ मध्ये पानांतून पाण्याचे थेंब झिरपू लागले, पानं वळली, मग बुरशी धरली. कारण तुम्ही ओळखलं असेल. मुळाशी पाणी साचलं होतं. पण का साचलं ते बघण्यासारखं आहे. आपल्या शेतात पाऊस पडून गेला, की जादा पाणी खाली निथरतं, मातीच्या पोकळ्यांत हवा शिरते, जमिनीला वापसा येतो आणि मग मुळं श्वास घेतात. अंतराळात वजनच नाही, तर पाणी निथरणार कुठं? ते मुळांना पातळ कातडीसारखं चिकटून बसतं. हवा आत जायला वाट नाही. थोडक्यात, अंतराळात वापसा येतच नाही! चिबड जमिनीत तुमचं सोयाबीन पिवळं पडतं ना, तोच आजार, चारशे किलोमीटर उंचावर.

मग खालच्या शास्त्रज्ञांनी पंखे जोरात लावायला सांगितले. बुरशी हटली, पण आता झाडं सुकायला लागली. तेव्हा तिथं स्कॉट केली नावाचा अंतराळवीर होता. तो त्या खेपेला सलग ३४० दिवस वर राहिला. त्यानं खाली विचारलं, की पाणी ठरल्या तारखेलाच का द्यायचं? उद्या मंगळावर गेलो तर मीच झाडाकडे बघून ठरवणार ना, की आज पाणी हवं का नको? खालच्या मंडळींनी शहाणपणा केला. वेळापत्रकाचा आग्रह सोडला, एका पानाचं साधं मार्गदर्शन लिहून पाठवलं आणि बाकी त्याच्यावर सोपवलं. केली रोज झाडाकडे बघू लागला. काही झाडं गेली, पण राहिलेल्यांना जानेवारी २०१६ मध्ये नारिंगी फुलं आली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या खात्याची आठवण झाली आणि हसू आलं. आम्ही शिफारस छापतो, इतक्या दिवसांनी पाणी, इतक्या दिवसांनी फवारणी. ते बरोबरच असतं, सरासरीसाठी. पण तुमच्या सरीतल्या पानाकडे बघायला खात्याकडे डोळे नाहीत, ते तुमच्याकडे आहेत. तारखेला पाणी द्यायचं तर पाइप पुरेसा आहे, माणूस कशाला?

आपला देशही यात मागं नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोनं पीएसएलव्ही सी-६० सोडलं. त्याच्या शेवटच्या टप्प्यावर एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे ठेवले होते. कोणी माणूस नाही, पाणी घालायला हात नाही, सगळं यंत्रानं. चौथ्या दिवशी दाणे उगवले, आणि पुढं दोन पानंही आली. नंतर २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आले. राकेश शर्मा १९८४ साली गेले होते, त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी अंतराळात गेलेला हा आपला माणूस. त्यांनी तिथं मूग आणि मेथी भिजवून मोड आणले. आणि हा प्रयोग कोणाचा? धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि धारवाडच्याच आयआयटीचा. बेळगाव, कोल्हापूरच्या वाचकांच्या अगदी शेजारचा! केरळ कृषी विद्यापीठानंही भात, चवळी, तीळ, वांगी, टोमॅटो असं बियाणं त्याच खेपेला वर पाठवलं होतं. आमची आजी मोड आलेल्या मुगाला ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगायची. फडकं तेच राहिलं, खुंटी तेवढी उंच गेली.

एक गोष्ट मात्र मालिकेच्या बाजूनं सांगायला हवी. यानातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडतं आणि प्रत्येकाला मोजून पाणी प्यावं लागतं, ते भाग चांगले आहेत. ओठ सुकलेले, बोलणं तुटक, घोट घोट मोजणं. तिथं दाजीही जागे झाले. दुष्काळी भागात दिवस काढलेल्या माणसाला ते कळायला भाषा लागत नाही. खऱ्या अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांचं पुन्हा पिण्याचं पाणी करतात, आणि २०२३ साली नासानं शंभरातलं ९८ भाग पाणी परत मिळवून दाखवलं. नाक मुरडू नका. ते पाणी आपल्या कित्येक गावांतल्या टाकीपेक्षा स्वच्छ असतं. आपण ठिबक लावून पाणी वाचवलं म्हणून फुशारकी मारतो, पण शंभरातले अठ्ठ्याण्णव लिटर परत आणणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

असो. आता त्या बहिणीच्या पत्राकडे येतो.

नाव-गाव सांगत नाही, तिनं तशी विनंती केली आहे. घरी तीन एकर बागायत, दोन म्हशी, नवरा, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. ही पदवीधर. पोलीस भरतीत पळाली, लेखी परीक्षा दिली आणि निवड झाली. आता आठ-नऊ महिन्यांचं प्रशिक्षण, तेही लांबच्या जिल्ह्यात, राहून करायचं. तोवर घरात कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. मधेच दिराच्या मुलानं ही मालिका लावली. सगळ्यांनी पाहिली. तेव्हापासून घरात एकच वाक्य : 'बघितलंस ना? आई घराबाहेर पडली आणि नवरा अंथरुणाला खिळला, पोरगी वाया चालली.' नवरा काही बोलत नाही. ती लिहिते, की मालिका वाईट होती की चांगली हे मला ठाऊक नाही, पण माझ्या घरात ती माझ्याविरुद्ध साक्ष देऊन गेली.

ताई, प्रथम साक्षीची उलटतपासणी करू. मॅटला झटका येतो तो त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जुन्या दोषामुळे, बायको गेल्यामुळे नव्हे. ती स्वयंपाकघरात असती तरी तो आला असता. दुसरं, मुलगी वाया गेली का? चिडली, घसरली आणि सावरली. मॅटही खुर्चीत बसून का होईना, पुन्हा कामाला लागला. दहा भाग संपतात तेव्हा घर उभं आहे. मग हे घर कोणामुळे उभं राहिलं? मेलिसा नावाची एक बाई आहे मालिकेत, एमाची मैत्रीण. मागं राहिलेल्या कुटुंबाकडे बघणं हे तिचं काम. दवाखान्यात ती, मुलीजवळ ती, रात्री-बेरात्री धावून येणारी ती. गंमत बघा, या मालिकेवर तावातावानं बोलणाऱ्या कोणाच्याच तोंडी मी मेलिसाचं नाव ऐकलं नाही. माझ्या बहिणीच्या घरीही नाही. जाणारीची चर्चा झाली, थांबलेल्यांची झाली, सांभाळणारीची झाली नाही.

आणि आणखी एक. यानात राम आहे, मिशा आहे. मिशालाही घरी मुलगी आहे आणि तिच्याशी त्याचं नातं तुटल्यातच जमा आहे. 'बाप असून असा कसा गेला' असं कोणी म्हटलं का? आपल्या गावातला जवान लेह-सियाचेनला जातो तेव्हा आपण त्याला नारळ देऊन वाटेला लावतो. दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कित्येक आया चिमुरडी आजीच्या ओट्यात टाकून सहा-सहा महिने कारखान्यावर जातात, त्यांना कोणी 'बया' म्हणत नाही, कारण त्या पोटासाठी जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग शिकून, निवडून, पगारावर जाणारीलाच का?

खऱ्या अंतराळातलं उदाहरण देतो. कॅडी कोलमन ही अमेरिकन बाई डिसेंबर २०१० ते मे २०११ या काळात अंतराळ स्थानकावर राहिली. घरी दहा वर्षांच्या आसपासचा मुलगा आणि काचेच्या वस्तू घडवणारा नवरा. रोज घरी फोन करायची. मुलाला आईची आठवण यायची, ती लपवली नाही कोणी. २०२३ साली अंतराळातल्या या ताटातुटीवर एक माहितीपट निघाला, त्यात हे मायलेक आहेत. त्यात स्फोट नाही की वादळ नाही, तरी त्या दहा भागांपेक्षा काळजाला जास्त भिडतो. त्याच सुमारास, जानेवारी २०११ मध्ये, वर सांगितलेला स्कॉट केलीही तिथंच होता. खाली त्याच्या भावजयीला, अमेरिकन संसदेच्या सदस्य असलेल्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांना, कोणी माथेफिरूनं डोक्यात गोळी घातली. खाली येणं शक्य नव्हतं. त्यानं वरूनच फोनवर भावाला धीर दिला, आपलं काम केलं आणि ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये उतरला. त्या बाई जगल्या. आपल्याकडच्या, मूळ गुजरातेतल्या झुलासण गावच्या घराण्यातल्या सुनीता विल्यम्स २०२४ साली आठ-दहा दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि यान बिघडल्यानं २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतल्या. झुलासणच्या बायाबापड्यांनी देवळात अखंड दिवा तेवता ठेवला, पण 'गेलीच कशाला' असं विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

तरी ताई, तुझ्या सासूबाईंना मी दोष देणार नाही. त्यांच्या बोलण्यात मालिका कमी आणि दोन म्हशी जास्त आहेत, असा माझा अंदाज आहे. पहाटे साडेचारला धारा कोण काढणार, डेअरीत दूध कोण घालणार, रात्री पोरगं आई-आई करून उठलं तर साठीची बाई त्याला कडेवर कशी घेणार? ही भीती त्यांना सांगता येत नाही, म्हणून त्या मंगळावरच्या बाईचं नाव घेतात. तेव्हा त्यांच्याशी मालिकेवर वाद घालू नकोस. त्यांच्याजवळ बसून धारेची, दुधाची, औषधाची यादी कर. नासातले अंतराळवीर निघण्यापूर्वी आपल्याच सोबत्यांपैकी काहींना निवडून सांगतात, की माझ्या घरच्यांकडे तू बघ. तुझी मेलिसा कोण? नणंद असेल, शेजारची वहिनी असेल, माहेरची आई महिनाभर येऊन राहील. एका म्हशीची आटायची वेळ जवळ आली असेल, तर ती आत्ताच आटव. एकीचंच दूध राहिलं की निम्मा भार उतरतो. ताजी व्यालेली असेल, तर नऊ महिने भावाकडे अर्धलीनं दे. चाऱ्याचं म्हणशील तर लसूणघास लाव, सासूबाईंना रोज बांधावर हिंडावं लागणार नाही. धारांचं काम नवऱ्यानं शिकायचं. त्यात अवघड काही नाही, मी स्वतः बारा वर्षं काढल्या आहेत. पोराच्या लसीच्या तारखा भिंतीवर लिहून ठेव. आणि फोन ठरल्या वेळीच कर, रोज, दिवेलागणीला. पोर अवेळी आलेल्या फोनानं जास्त रडतं.

आणि बंधू, म्हणजे या ताईचे यजमान, हा अंक तुमच्याही हाती पडेल म्हणून लिहितो. तुम्ही गप्प बसला आहात. मालिकेतला मॅट दवाखान्याच्या खाटेवरून, धड बोलता येत नसताना, बायकोला 'जा' म्हणतो. मालिका कशीही असो, तो प्रसंग मला खोटा वाटला नाही. तुम्ही तर धडधाकट आहात. आईसमोर बोला.

प्रशिक्षणाला हजर व्हायची तारीख पत्रात दिली होती. ती टळायला अजून अवकाश आहे, पण फार नाही. म्हणून पुढच्या अंकाची वाट न बघता याच अंकात लिहिलं.

पुढच्या खेपेला हरभऱ्यावरची घाटेअळी. कामगंध सापळे लावायचे राहिले असतील त्यांनी तोवर लावून घ्या, आणि पक्षी बसायला शेतात जागोजागी काठ्या रोवा.